लॅपटॉपची पारख

सांगलीतल्या त्या दुकानात मी दोन लॅपटॉप दोन तळहातांवर घेतले, डोळे मिटून जरा वर-खाली केले आणि शेजारच्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "हा काळा भरतोय. ह्यात माल जास्त हाय."

दुकानदार माझ्याच वयाचा, नाकावर घसरलेला चष्मा. तो हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. "साहेब," तो म्हणाला, "लॅपटॉप जेवढा हलका तेवढा लोकांना आवडतो. पाठीवर घेऊन फिरायचं असतं ना."

माझ्या शेजारी उभी असलेली माझी लेक एकदम भिंतीवर टांगलेले चार्जर बघायला लागली. सगळे सारखेच होते, तरी ती एकेक निरखून बघत होती.

चूक माझीच, पण तिचं मूळ आटपाडीच्या बाजारात आहे. आमचं घराणं मेंढरांमागं हिंडणारं. हिंडणं सोडून खुर्चीवर बसलेला मी पहिलाच. हायस्कुलात क्लार्क आहे. पण हातांची सवय काही जात नाही. बोकड घ्यायचं तर कमरेत हात घालून उचलायचं, कण्यावरून बोटं फिरवायची, ओठ मागं सारून दात बघायचे. लॅपटॉपला दात नव्हते म्हणून तेवढं राहिलं.

लेक साताऱ्याला इंजिनिअरिंगला आहे, सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला. पहिलं वर्ष तिनं खोलीतल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर काढलं. म्हणजे मैत्रीण जेवायला गेली की हिचं ड्रॉइंग सुरू, मैत्रीण आली की बंद. यंदा अख्ख्या इमारतींचे नकाशे काढायचे होते, आणि मैत्रिणीच्या जेवणाच्या वेळात इमारत उभी राहत नाही. हे तिनं आम्हाला सांगितलं नाही. तिच्या आईनं ओळखलं. निघताना बायको मला म्हणाली, "हे बघा, दुकानात तिला इचारा. तुमचं तुमी ठरवू नगा."

मी विचारलं. अगदी नीट विचारलं. समोर दोन लॅपटॉप होते, एकाच कंपनीचे. पडदा तेवढाच, नावात एका अक्षराचा फरक. एक चंदेरी, धातूच्या अंगाचा, हलका. बटणं अशी की बोट टेकलं की काम झालं. छप्पन्न हजार. दुसरा काळा, प्लॅस्टिकचा, झाकण दाबलं तर जरा वाकणारा. पण त्याची मेमरी दुप्पट. चंदेरीत आठ, ह्यात सोळा. आणि चंदेरीत पुढं वाढवायची सोय नाही, असंही दुकानदारानं सांगितलं. काळ्याचे एकसष्ट हजार.

"मेमरी जास्त म्हणजे फोटो जास्त मावणार?" मी विचारलं.

"नाही साहेब. एका वेळी किती कामं अंगावर घेऊ शकतो, ते."

हे मला लगेच समजलं. आमच्या हायस्कुलात मी एकटाच क्लार्क आहे.

"मग, तुला कुठला?" मी लेकीला विचारलं.

"कुठला पण चालेल, आप्पा."

इथं माझी अडचण सुरू झाली. कारण ही पोरगी लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला "चालेल" म्हणते. आठवीत असताना तिला सायकल हवी होती. चुलत भावाची जुनी मिळाली, तिच्या मानानं उंच. "चालेल" म्हणाली. दोन वर्षं ती शाळेत सायकलवरून गेली ती उभ्यानं पायडल मारत. सीटवर बसलं की पाय पोचत नव्हते. मला वाटायचं, पोरीला लय घाई असते शाळेची. पाय पोचत नाहीत हे मला कळलं तेव्हा ती दहावी पास झाली होती आणि सायकल दुसऱ्या कुणाकडं गेली होती.

तेव्हा ह्या वेळी "चालेल"वर जायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. आणि मला एक युक्ती ठाऊक होती. माझे वडील बाजारात मेंढरं विकायला उभे राहिले की गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं लक्षच देत नसत. गिऱ्हाईक काळ्या मेंढीचा भाव विचारायचं, पण नजर कुठल्या दुसऱ्याच मेंढीकडं वळते ते वडील बघायचे, आणि तिचाच भाव चढवून सांगायचे. कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

मी चार पावलं मागं सरकलो आणि लेकीवर नजर ठेवली. तिनं काळ्यावर काहीतरी उघडलं, बघितलं, बंद केलं. मग चंदेरीपाशी आली. त्याच्या झाकणावरून हात फिरवला. पुढं गेली, आणि दोन पावलांवरून परत वळली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि चंदेरीचं झाकण हळूच पुसलं. किती मायेनं पुसलं म्हणून सांगू! पाळण्यातल्या पोराचं तोंड पुसावं तसं.

झालं. मला कळलं.

"हा चंदेरी द्या," मी म्हणालो. शिवाय तो हलका होता. मघाशी वजनावरून झालेली शोभा भरून निघाली असंही मला वाटलं. दुकानदारानं आतून नवा खोका आणला, चालू करून देतो म्हणाला. पण लेक म्हणाली, "नको काका, घरी आईच्या हातानं उघडायचाय." म्हणून सील तसंच ठेवून आम्ही स्टँडवर आलो.

आटपाडीच्या गाडीला अर्धा तास होता. खोका तिच्या मांडीवर. मी इतका खूश होतो की मला गप्प बसवेना.

"काय पोरी, कसं ओळखलं?"

"काय?"

"तुझ्या मनातला. तू चालेल म्हणालीस, पण मी बघत हुतो. झाकण पुसलंस का न्हाई परत येऊन?"

ती माझ्याकडं बघत राहिली. आधी हसली, मग हसणं मध्येच थांबलं.

"आप्पा, त्याच्यावर माझं बोट उठलं होतं. पाणीपुरी खाल्ली होती ना मघाशी, तेलकट. दुसरं कुणी बघायला आलं तर त्यांना घाण दिसंल, म्हणून पुसलं."

मी थोडा वेळ फलाटावरच्या गाड्यांच्या पाट्या वाचल्या.

"म्हंजे तुला तो काळा पाहिजे हुता?"

"हा चालेल की."

"चालेल ऱ्हाऊ दे. नकाशे काढायला चालतोय का हा?"

"चालतोय. जरा थांबून थांबून." ती खोक्याच्या कडेवरून नख फिरवत होती. "मैत्रिणीचा आठवालाच हाय. मोठं ड्रॉइंग असलं की अडकतोय. मग बंद करून परत सुरू करायचा. मधलं काम जातंय कधी कधी, पण करता येतंय परत."

"आणि असं किती दिवस करणार?"

"तीनच वर्षं आप्पा."

तीनच वर्षं. उंच सायकलवरून उभ्यानं पायडल मारत जाणारी पाठ मला समोर दिसली. मी विचारलं, "मग मला सांगितलं का न्हाईस गं?"

"तो पाच हजारानं जास्त हुता. आणि तुमी लय खूश दिसत होता. चंदेरी द्या म्हणताना."

मी उठलो. तिच्या मांडीवरचा खोका काखेत घेतला आणि स्टँडच्या बाहेर चालायला लागलो. ती मागून, "आप्पा, गाडी लागंल! आप्पा, ते परत घेत नसत्यात!" करत आली. दुकानाच्या पायरीपाशी मी थांबलो आणि खोका तिच्या हातात दिला.

"आत जा, आणि तूच सांग. मी हितं उभा हाय."

"मी?"

"तू. मला पारख न्हाई, हे आता दुकानदारालासुद्धा ठाऊक हाय."

ती गेली. दार उघडंच होतं, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. माझी लेक परक्या माणसाशी बोलताना आवाज कसा खाली उतरवते ते मला माहीत आहे. आधी तर काही ऐकूच आलं नाही. दुकानदार म्हणाला, "काय? मोठ्यानं बोल की बाळ."

"काका, मला हा नको. मला तो काळा पाहिजे, सोळावाला."

"अगं मग मघाशी का नाही बोललीस? बिल झालं की."

"मघाशी चालेल म्हणाले होते. पण नाही चालणार. सील फोडलेलं नाही, बघा."

"वडिलांना विचारलंस का?"

"ते बाहेर उभे आहेत. त्यांनीच पाठवलंय."

दुकानदारानं चष्म्यावरून दाराकडं बघितलं. मी समोरच्या दुकानातल्या कुकरांच्या किमती वाचत असल्यासारखं केलं. तो पुटपुटला, खोक्याचं सील चारही बाजूंनी तपासलं, आणि म्हणाला, "आण इकडं. पण फरकाचे पैसे आत्ता." फरकाचे पैसे माझ्या मोबाइलमधून जायचे होते, त्यामुळं मला शेवटी आत जावंच लागलं. मी पासवर्ड पहिल्यांदा चुकीचा टाकला. दुकानदार तेवढ्यात लेकीला म्हणाला, "नकाशाचं काम असेल तर हाच बरोबर आहे. मी मघाशी सांगणार होतो, पण साहेबांनी ठामपणे सांगितलं."

पहिली गाडी गेली होती. दुसरीत उभं राहून आलो, विट्याला जागा मिळाली. वाटेत ती खोका दोन्ही हातांनी असा धरून बसली होती, की शेजारच्या मावशींनी विचारलं, "काय गं, काचंचं हाय का?"

घरी बायकोनं हात धुतले, खोक्याला हळदीकुंकू वाहिलं आणि लेक दाखवेल तिथं सील फोडलं. लेकीनं सगळी हकीकत सांगितली. वजन केल्यापासून पासवर्डपर्यंत काही म्हणजे काही सोडलं नाही. ओढणीनं झाकण पुसल्याचं आलं तेव्हा बायको हसून हसून भिंतीला टेकली. मी आपला चहा पीत राहिलो. चहा संपला होता, तरी पीत राहिलो.

लेक लॅपटॉप चार्जिंगला लावायला आत गेली. बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"आवं, मला बघायला आला हुता तवा मी तुमच्याकडं तीनदा बघितलं, म्हणून सगळ्या पावण्यांना सांगत फिरता न्हवं? तुमी शर्टाची बटनं वरखाली लावून आला हुता. ते तुमाला कोन सांगतंय का, म्हणून बघत हुते मी."

मी कप खाली ठेवला.

"पर तुमी गेल्यावर आईनं मला इचारलं," ती म्हणाली, "तवा मी चालंल म्हनले न्हाई. हाच पायजे म्हनले."