आडनावातला ढेकूण

आमच्या बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या माणसाला सगळे भोंगा म्हणायचे. आवाज असा की झोपलेला प्रवासी दचकून उठावा, पण शब्द न् शब्द स्वच्छ. त्याची केबिन आणि माझी चौकशीची खिडकी यांच्यात एक काचेची भिंत होती. अकरा वर्षं आम्ही त्या भिंतीच्या दोन बाजूंना बसलो. त्यामुळे जे सांगतोय त्यातलं काही डोळ्यांनी पाहिलेलं आहे, बाकीचं त्यानेच मला सांगितलं.

भोंगा हे नाव त्याला आवडायचं, कारण त्यामुळे आडनाव झाकलं जायचं. त्याच्या आडनावात ढेकूण होता. अर्थ लावावा लागत नव्हता, सरळ ऐकू यायचा. शाळेत हजेरी घेताना गुरुजी त्याच्या नावापाशी आले की मागच्या बाकावरची मुलं अंग खाजवायला लागायची. दहा वर्षं रोज.

त्यात त्याच्या वडिलांचा धंदा गाद्या शिवण्याचा. पण आबांना या आडनावाचं काही वाटायचं नाही. उलट दुकानाच्या पाटीवर त्यांनी ते हातभर अक्षरांत रंगवून घेतलं होतं. गिऱ्हाईक पाटी वाचून हसलं की आबा म्हणायचे, "ढेकूण आडनावात आहे साहेब, गादीत सापडला तर गादी फुकट!" गिऱ्हाईक खूश होऊन आत यायचं, आणि मुलगा मागच्या दाराने बाहेर पडायचा.

लग्नानंतर आठ वर्षांनी भोंग्याला मुलगी झाली. आबा म्हणाले, "नाव तू ठेव. जन्मभर नावं पुकारतोस, तुला कान आहे." बायकोचंही तेच म्हणणं पडलं. झालं, गडी कामाला लागला. वहीत नावं लिहायचा, मोठ्याने म्हणून बघायचा आणि काट मारायचा. फुलांची नावं घेतली तर फुलावर ढेकूण बसल्यासारखा वाटायचा. नदीचं नाव घेतलं तर तो पोहायला लागायचा. राजघराण्यातलं भारदस्त नाव तर विचारूच नका. बायको वैतागून म्हणाली, "अहो, पोरीला हाक मारताना आडनाव कोण घेतं?"

"शाळेत घेतात," तो म्हणाला.

शेवटी एक नाव त्याला आवडलं. पहाटेचा अर्थ असलेलं, दोन अक्षरी, तोंडात टाकताच विरघळणारं. एका दुपारी, गाड्यांच्या मधल्या मोकळ्या वेळात, केबिनमध्ये बसून त्याने ते घोषणेच्या सुरात म्हणून पाहिलं. आधी नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. दोनदा. माईकचं बटण चालू राहिलं होतं.

चारही फलाटांवर ते घुमलं. अख्खं स्थानक हसलं. एक कंडक्टर ओरडला, "अरे, औषध फवारा कोणीतरी!" हसणाऱ्यांत मीही होतो. काचेतून मला त्याचा चेहरा दिसत होता, तरी मला हसू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो जन्मनोंदणीच्या कचेरीत गेला. अर्ज त्याने स्वतःच भरला. मुलीचं नाव लिहिलं, आणि आडनावाचं पहिलं अक्षर बदललं. एका अक्षराने ढेकूण गेला. उरलेलं आडनाव चारचौघांसारखं, कोणाच्या लक्षातही न राहणारं. घरी मात्र त्याने कोणाला सांगितलं नाही. बायकोला म्हणाला, दाखला कपाटात ठेवलाय. लशीचं कार्डही त्या दाखल्यावरून त्यानेच करून आणलं, आणि पहिल्या लशींना पोरीला तोच घेऊन गेला.

नऊ महिन्यांच्या लशीच्या दिवशी दोघांनाही सुट्टी मिळेना. आबा म्हणाले, "मी नेतो की. त्यात काय एवढं?" दुकान बंद ठेवून, दुपट्यात गुंडाळलेली नात घेऊन ते सकाळी नऊला दवाखान्यात गेले. चष्मा शिलाईच्या पाटावर राहिला होता. कार्ड खिडकीत दिलं आणि बाकावर बसले.

भोंगा दुपारी घरी आला तेव्हा पोर झोपली होती आणि आबा पाठ चोळत बसले होते.

"लस टोचली?"

"नाही रे, पुकारलंच नाही आपल्याला. साडेबारापर्यंत बसलो, सगळे गेले. आणि ऐक, आपल्या पोरीच्याच नावाची आणखी एक होती. आडनाव तेवढं वेगळं. बाई तीनदा ओरडल्या बिचाऱ्या. आई-बापाचा पत्ता नाही. काय लोक असतात! एवढं गोड नाव ठेवायचं आणि हाकेला ओ द्यायची नाही."

भोंग्याला वाटलं, जमीन दुभंगावी. बायको आबांना पाणी देत होती, तिला काहीच कळलं नाही. तो एवढंच म्हणाला, "उद्या मी नेतो."

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. परिचारिकेने ते नवं आडनाव पुकारलं आणि तो उठला. तिने पोरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काल हिचे आजोबा आले होते ना? निळी पिशवी होती, शिट्टी वाजवून खेळवत होते. फरशी पुसायला घेतली तेव्हा मला विचारलं, बाई, आमची पाळी राहिली का? मी म्हटलं, आलेली कार्डं सगळी पुकारून झाली. तसे कार्ड न घेताच उठून गेले. मीच आडनाव नीट घेतलं नाही का हो?"

"नीटच घेतलंत," तो म्हणाला. पोर सुई टोचल्यावर रडली, तेव्हा त्याला बरंच वाटलं, कारण सगळे तिच्याकडे बघायला लागले.

तिथून तो तडक दुकानात गेला. आबा खोळीला शेवटचे टाके घालत होते.

"आबा, काल दवाखान्यात आपल्यालाच बोलावत होते."

"म्हणजे?"

"दाखल्यावर मी आडनाव बदललंय."

दाभण कापसात तसाच राहिला. "कसं बदललं?"

त्याने सांगितलं. आबांनी नात मांडीवर घेतली आणि नाव, मग ते नवं आडनाव, असं हळू म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा.

"कानाला चांगलं लागतंय," ते म्हणाले.

त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भोंगा मला म्हणाला. पण आबा पुढे बोलले ते त्याहून वाईट होतं.

"तू चौथीत असताना म्हणाला होतास, आबा, पाटी काढा. आठवतं? मी ते हसण्यावारी नेलं. माझा धंदा चालत होता ना त्या गमतीवर. तुला एवढं लागत असेल हे ध्यानातच आलं नाही. चुकलंच माझं."

"आबा, असं नका म्हणू."

"पण एकदा सांगायचं रे. मी तिथे बसून त्या आई-बापाला नावं ठेवत होतो."

नातीला परत देऊन त्यांनी दाभण उचलला. टाका वाकडा गेला. त्यांनी तो उसवला आणि पुन्हा घातला.

त्याच आठवड्यात भोंगा दुरुस्तीसाठी नोंदणी कचेरीत गेला. लिपिक म्हणाला, कारण लिहा, लेखनातली चूक असं लिहितात सगळे. भोंग्याने तसं लिहायला घेतलं आणि थांबला. "चूक नव्हती हो," तो म्हणाला, "मुद्दाम केलं होतं." लिपिकाने वर न पाहता सांगितलं, "मुद्दामला आमच्याकडे रकाना नाही." मग चूकच लिहावी लागली. घरी बायकोला त्याने सगळं सांगितलं. तिने कपाटाची किल्ली काढून स्वतःकडे ठेवली.

दाखला सुधारून आला, कार्डही बदललं. आबा पुढच्या लशीलाही नातीला घेऊन हौसेने गेले. मी त्या दिवशी माझ्या आईची औषधं आणायला तिथेच होतो. बाकावर जागा होती, तरी आबा बसले नाहीत. पोरीला कडेवर घेऊन खिडकीला टेकून उभे होते, आणि कोणाचंही नाव पुकारलं की आत वाकून विचारायचे, "बाई, आमचं तर नाही ना?"

संध्याकाळी मी हे भोंग्याला सांगितलं. सांगायला नको होतं. त्याने मान खाली घातली, आणि सव्वासहाच्या गाडीची घोषणा त्या दिवशी मला करावी लागली.