अप्पांचं भिंग आणि पचनाच्या गोळ्या

मेडिकलच्या दुकानात तारीख उलटलेली औषधं आम्ही वेगळ्या खोक्यात टाकतो आणि परत पाठवतो. किश्शांची तशी सोय नाही, ते साचतच राहतात. दिंद्रुडला मेडिकल टाकून मला बरीच वर्षं झाली आणि माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे अप्पांचे आहेत. किराणा दुकान त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हाती दिलं आणि खुर्ची उचलून माझ्या काउंटरपाशी आणून ठेवली. कारण विचारलं तर म्हणाले, "तिकडं गिऱ्हाईक भाव करतं. इकडं निमूट घेतं."

आता अप्पा ठणठणीत आहेत, म्हणून हसत सांगता येतं.

*

दोन वर्षं अप्पांचं पोट बिघडलेलं होतं. जुलाब, पोटफुगी, वजन उतरत चाललेलं. मी फार्मासिस्ट सून! शेल्फवरचं पाचक सिरप बाटलीमागून बाटली पाजत होते. शेवटी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बिणीनं आतडं पाहिलं आणि सांगितलं की सिलिअ‍ॅक आहे. गव्हातलं ग्लूटेन आतड्याला सोसत नाही. गहू, रवा, मैदा, जव, सगळं बंद.

अप्पांनी विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, जन्मभर.

"माझ्या का तुमच्या?"

डॉक्टर हसले, सासूबाई हसल्या नाहीत. हातात चार पैसे आल्यापासून अप्पांनी ज्वारीच्या भाकरीला नावं ठेवली होती, ताटात चपातीच लागायची. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बसा आता भाकरीपुढं हात जोडून."

*

आठ दिवसांत अप्पांनी पळवाट शोधली. दुकानातल्या एंझाइमच्या, म्हणजे पचनाच्या गोळ्यांच्या एका खोक्यावर 'जड जेवणानंतर' असं लिहिलं होतं. एक गोळी घेतली की दोन चपात्या चालतील, असा त्यांचा अंदाज.

मी समजावलं, की चपाती पचत नाही हा तुमचा आजारच नाही. कणभर ग्लूटेन पोटात गेलं तरी शरीर आपल्याच आतड्यावर उठतं आणि ते या गोळीनं थांबत नाही. उलट गोळीतल्या स्टार्चमध्येच गहू असू शकतो.

"दुकानात हजार गोळ्या, आन सासऱ्याला एक न्हाई. कावून लिवलंय मग पाटीवर, सर्व औषधं मिळतील म्हणून?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर पाटीवरच्या 'सर्व' या शब्दावर कागद चिकटवलेला होता.

*

पुढचा किस्सा माझ्या चुकीचा आहे, तोही सांगायला हवा.

अप्पांच्या पोटात गुबारा धरला म्हणून मी चमचाभर हिंगाष्टक चूर्ण दिलं. घरगुती, आजीच्या काळापासूनचं, त्यात काय बिघडणार? तीन दिवस अप्पा अंथरुणाला खिळले. मग स्वयंपाकघरातली हिंगाची डबी उलटी करून वाचली. हिंग थोडा आणि बाकी गव्हाचं पीठ! आमच्याकडचा बहुतेक हिंग असाच पिठात बांधलेला असतो. रोज फोडणीत पडत होता आणि मी डबीवर फक्त किंमत वाचत होते. चूर्णातही तसाच हिंग असणार. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अप्पा उठून बसले ते थेट काउंटरवर आले. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, सुनेनं मला हिंगातून गहू चारला.

त्या दिवसापासून अप्पांच्या खिशात भिंग आलं. जुनी मॅट्रिक, त्यामुळे इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचतात. गिऱ्हाइकांचीही औषधं वाचून दाखवायला लागले. एक बाई खोकल्याचं औषध घ्यायला आल्या, तर अप्पांनी त्यांना दुष्परिणामांची अख्खी यादी ऐकवली. बाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, खोकलाच बरा हाय."

*

भाकरी सुरू झाली तरी अप्पांचं पोट अधूनमधून दुखेच. भिंग घेऊन ते गिरणीत पोचले. गिरणीवाले लक्ष्मणमामा आधी गहू दळायचे, मग त्याच जात्यात आमची ज्वारी.

मामांनी तोड काढली. सोमवारी सकाळी जातं झाडून घ्यायचं, आधी स्वतःच्या म्हशीसाठी दोन पायल्या ज्वारी भरडायची आणि मगच अप्पांचा डबा लावायचा. गावातले गव्हाचे डबे तोवर थांबतात, कुणी कुरकुर करत नाही.

अप्पा मात्र तिथंही बोललेच. "म्हशीच्या मागं नंबर लावलाय का माझा?"

मामा म्हणाले, "म्हस चाखून बघती, अप्पा."

*

एवढं सगळं पाळूनही वजन सेहेचाळीस किलोवरून हलेना. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. स्वादुपिंडातून पाचक रस कमी पडत होते, त्यामुळे काही महिने जेवणासोबत एंझाइमची कॅप्सूल घ्यायची, मात्र गहू नसलेली बघून. ज्या गोळीला मी नाही म्हणत होते, तिची भावंडंच आता शोधायची होती.

एका कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, आमचं प्रॉडक्ट शंभर टक्के नॅचरल आहे.

अप्पा फोनकडे वाकले. "बाई, गहू बी नॅचरलच हाय."

*

डॉक्टरांनी लिहिलेली कॅप्सूल मागवली. कंपनीनं लेखी कळवलं, गहू नाही, जव नाही. पण त्यातलं एंझाइम डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असतं. वनस्पतीपासून किंवा बुरशीपासून काढलेल्या एंझाइमच्या गोळ्यांबद्दल विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, त्यांनी एवढं भागणार नाही.

आमचं लिंगायत घर. उंबऱ्याच्या आत कधी अंडं आलेलं नाही. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय अप्पा पाणीही घेत नाहीत. सांगितलं तर ते घेणार नाहीत आणि वजन आणखी उतरेल, याची मला भीती वाटत होती. न सांगता देणं मला जमणार नव्हतं. खोकं दोन दिवस काउंटरखाली पडून राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई डबा ठेवून गेल्या आणि मी मनाचा हिय्या करून खोकं वर काढलं. आतलं माहितीपत्रक उलट्या घडीचं होतं. कंपनी अशी घडी घालत नाही, कुणीतरी ते आधीच उघडून वाचलं होतं.

मी म्हटलं, "अप्पा, हे घेण्याआधी एक सांगायचंय."

"गहू हाय का त्यात?"

"नाही. लेखी आलंय."

"जव?"

"नाही. पण अप्पा..."

अप्पांनी खिशातून भिंग काढलं, माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ड्रॉवर ढकलून दिला. मग तळहात पुढे केला.

"दे सुनबाई. भाकर निवायलीय."