हौदातले स्पीकर

आमच्या गल्लीतले कापडदुकानवाले अण्णा प्रत्येक वाक्याची सुरुवात "ऐकून घ्या" अशी करतात. स्वतः मात्र कुणाचं ऐकत नाहीत. कुणाच्याही घरी गेले की बोटानं भिंत वाजवतात, "पोकळ हाय" म्हणतात आणि त्याच घरचा चहा पितात.

लातूरचे नळ कोरडे पडले त्या उन्हाळ्यात त्यांनी होम थिएटर आणलं. कमरेएवढे स्पीकर आणि धान्याच्या कोठीएवढा वूफर. ते बसवायला त्यांनी बैठकीच्या भिंतीला लागून बांधलेला पाण्याचा सिमेंटचा हौद निवडला. आत फळ्या ठोकल्या, तोंडाला जाळी लावली.

"ऐकून घ्या, पानीच न्हाई तर हौद रिकामा कशाला ठेवायचा? बघा, आवाज कसा घुमतो!"

गल्लीत मोठा हौद तेवढाच. टँकरवाला घागरी भरत बसायचा नाही. तो पाइप त्या हौदात सोडायचा आणि सगळी गल्ली तिथून पाणी न्यायची.

पुढच्याच आठवड्यात टँकर आला. ड्रायव्हर पाइप घेऊन बैठकीत शिरला आणि थबकला.

"हौद कुठाय?"

"ऐकून घ्या, त्यात स्पीकर हायत," अण्णा म्हणाले.

त्यानं पाइप गुंडाळला आणि टँकर पुढच्या गल्लीत नेला.

"अन् आता आम्ही काय प्यावं, अण्णा?" शेजारच्या काकू ओरडल्या.

अण्णांना वाटलं, माणसं जमलीच आहेत. त्यांनी सिनेमा लावला. दारात मांडलेल्या आमच्या रिकाम्या घागरी त्या आवाजानं थरथरू लागल्या.

अण्णा खूश झाले.

"ऐकून घ्या, घागरी बी बोलायल्यात!"