वजा चार सेंटिमीटर

आमच्या धायरीच्या शाळेत सेमी इंग्रजी आलं आणि यमुनाबाईंच्या पोटात दुखायला लागलं. मार्केट यार्डातल्या हमालालासुद्धा आपलं पोर हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत बसलेलं दिसू लागलं होतं, त्याला कोण काय करणार? वर्षानुवर्षं बाईंची असलेली आठवी अ, गणित इंग्रजीतून शिकवणाऱ्या नव्या प्रियदर्शनीला मिळाली. बाईंना उरली ब, मराठीवाली.

बाई जळत होत्या. मी मराठीचा मास्तर, पण यात माझी अतिशयोक्ती नाही. सगळ्या स्टाफरूमला ते दिसत होतं. प्रियदर्शनीची स्कूटी, तिचं मुलांशी हसणं, मुलांचं 'मिस, मिस' करणं, सगळंच त्यांना खुपायचं. "वर्ग आहे की मंडई?" असं त्या पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या. त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी आवाज यायचा. बाईंना उलट विचारायची कुणाची छाती नव्हती.

सहामाहीनंतर गणिताचा विभागप्रमुख ठरणार होता. अ तुकडी गेली, निदान हे पद तरी त्या पोरीला जाऊ नये, एवढाच बाईंना ध्यास. पेपर प्रियदर्शनीने काढला. दोन्ही तुकड्यांना प्रश्न तेच, भाषा वेगळी. छापण्याआधी तो तपासायचं काम बाईंकडे. समांतरभुज चौकोनाच्या गणिताशी त्या थांबल्या. एक बाजू क्ष + १, समोरची २क्ष + ६; बाजूंची लांबी काढा. समोरासमोरच्या बाजू सारख्या, म्हणून दोन्ही बरोबर मांडल्या, तर क्ष आला वजा पाच आणि बाजू वजा चार सेंटिमीटर.

"इतक्या लांबीची पट्टी अजून अप्पा बळवंत चौकातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांतसुद्धा मिळत नाही," बाई मला म्हणाल्या. कित्येक महिन्यांनी त्या खुशीत होत्या.

"मग सांगा की तिला."

"मी कशाला? होऊ दे शोभा."

त्यांनी खाली सही ठोकली. वर्गात मात्र ऐटीत सांगितलं, "पेपर माझ्या नजरेखालून गेलाय. निवांत लिहा." सगळं श्रेय त्या पोरीला जावं, हेही त्यांना सोसवत नव्हतं.

अ तुकडीतल्या बऱ्याच मुलांनी उत्तराखाली लिहिलं, 'मिस, लांबी मायनस कशी? तुमचं गणित चुकलंय.' प्रियदर्शनीने ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं आणि स्वतःवरच पोट धरून हसली. हेडसरही हसले. म्हणाले, "मुलं विचार करतात हो तुमची!"

बाईंनी आपला गठ्ठा उघडला. झाडून सगळ्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, वजा चार सेंटिमीटर. खाली दोन रेघा. त्यांनी वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला, नम्रताला, बोलावून घेतलं.

"तुला शंका आली नाही का गं?"

"आली होती, बाई."

"मग लिहिलं का नाहीस?"

"पेपर तुम्ही बघितला होता ना," नम्रता म्हणाली. "तुमच्या नजरेतून चूक सुटणार नाही. म्हटलं, माझंच चुकत असेल."