पाटकरी नानासोंची गुळणी

नानासो आमच्या समोर राहतात. फलटणच्या अलीकडं आमचं गाव. सगळीकडं ऊस, आणि उसाला कालव्याचं पाणी. त्या कालव्याच्या एका फाट्यावर नानासोंनी चौतीस वर्षं पाटकऱ्याची नोकरी केली. कुणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं, हे त्यांच्या हातात. जमिनीकडं नुसतं बघून पाणी कुठवर जाईल हे ते सांगतात, आणि ते तिथवरच जातं. ही विद्या त्यांनी कधी स्वतःजवळ ठेवली नाही. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी कुणी दारात बादली ओतली की ती कुठं ओतायला हवी होती हे त्याला घरबसल्या कळतं. मी अंगणवाडी सेविका आहे. सत्तावीस वर्षं फळ्यावर लिहिते. मला त्यांनी खडू कसा धरायचा तेही सांगितलेलं आहे.

एप्रिलमध्ये त्यांची नात सृष्टी आली. वय साडेचार. आईचं, म्हणजे अंकिताचं, दुसरं बाळंतपण पुण्यातच झालं, म्हणून थोरलीला दीड महिना आजोळी पाठवली. पोर गुणी. रडणं नाही, हट्ट नाही. फक्त काहीही केलं की विचारायची, "बरोबर आहे का?" चप्पल घातली, बरोबर आहे का. भाकरीचा तुकडा मोडला, बरोबर आहे का. पाटीवर एक रेघ ओढायची आणि हात वर धरून थांबायची. कुणी बरोबर म्हणेपर्यंत दुसरी रेघ नाही. तिच्या शाळेत बरोबर आलं की वहीवर चांदणी चिकटवतात, असं तिनंच सांगितलं. त्या शाळेला मी मनातल्या मनात बरंच काही बोलून घेतलं.

नानासो मात्र खूश होते. चौतीस वर्षांत इतकं आपणहून विचारणारं त्यांना कुणी भेटलं नव्हतं. ते दिवसभर उत्तरं देत होते.

मग एका दुपारी अंकिताचा फोन आला. तिनं पडद्यांचे दोन फोटो पाठवले होते, कोणते घेऊ म्हणून. नानासोंनी निळे सांगितले आणि फोन ठेवला. संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"क्रांतीताई, अंकी बत्तीस वर्साची झाली. अजून पडदं मला इचारून घेती. तिला मीच बिघडवली. आता हिला न्हाई बिघडवायची."

मला वाईट वाटलं. बरंही वाटलं, कारण आजवर त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, पोर तिच्या मनानं काही करत असेल तेव्हा बरोबर म्हणायचं नाही, चूक म्हणायचं नाही, बोटानं दाखवायचं नाही. मग करायचं काय, त्यांनी विचारलं. काही नाही, मी म्हटलं. हे काम त्यांनी कधी केलेलं नव्हतं.

त्यांच्या अंगणात न्हाणीघराचं बांधकाम अडकलं होतं, कारण गवंडी भाच्याच्या लग्नाला गेला तो गेलाच. वाळूऐवजी आणलेल्या क्रश सँडचा ढीग पडून होता आणि पडवीत सिमेंटची तीन पोती. नानासोंची बायको सुलाबाई, तिनं सृष्टीला जुनं उलथनं आणि नळाची नळी दिली. पहिल्या दिवशी नानासो 'डावीकडनं' हा शब्द अकरा वेळा बोलले. मी ओट्यावरून मोजत होते. दुसऱ्या दिवसापासून ते तांब्या घेऊन बसू लागले आणि तोंडात पाण्याची गुळणी धरू लागले. सृष्टीनं बरोबर आहे का विचारलं की फुगलेले गाल दाखवायचे. आजोबांची दाढ दुखते, असं तिनं आजीला सांगितलं. सुलाबाईनं लवंग आणून दिली. ती त्यांनी मुकाट्यानं खिशात ठेवली.

सृष्टीनं ढिगाच्या टोकावर पाणी सोडलं. पाणी ढिगात मुरलं. पुन्हा सोडलं, पुन्हा मुरलं. असं चार दिवस चाललं. गुळणी धरलेला माणूस इतका घामाघूम होतो हे मी पहिल्यांदाच बघितलं. पाचव्या दिवशी तिनं ढीग सोडला आणि खालच्या मातीत उलथन्यानं चर काढला. पाणी हातभर पळालं. ती त्याच्यामागं पळाली. त्या दिवशी तिनं दोनदाच विचारलं. आठव्या दिवशी एकदाही नाही. दुखऱ्या दाढेकडून उत्तर येत नाही, हे तिला पटलं होतं.

दहाव्या दिवशी तिनं मोठा चर धरला. नळापासून निघाली, तुळशीला वळसा घातला, आणि मान खाली घालून खणत पडवीकडं सरकू लागली. नानासोंनी चराकडं बघितलं, मग पोत्यांकडं बघितलं. मला उतारातलं काही कळत नाही, पण त्यांचा चेहरा कळला.

एक शब्द पुरला असता. ते उठले. दिवाळीत त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, आणि वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांनी पहिल्या पोत्याचे दोन कान धरले आणि पोरीच्या पाठीमागून ते ओढायला लागले. जोर लावताना गुळणी धोतरावर सांडली. मी चरफडत धावले. बाई असून पन्नास किलोच्या पोत्याला हात लावला, कारण हा माणूस माझ्याच सल्ल्यापायी मरायला नको होता. आम्ही दोन पोती हलवली. तिसरं ओढायच्या आधीच सृष्टीनं नळ सोडला.

पाणी तुळशीला वळलं, पडवीत शिरलं आणि तिसऱ्या पोत्याखाली गेलं. नानासो पोत्याजवळ धापा टाकत उभे होते. तोंड रिकामं होतं. सृष्टीनं वर बघितलं. आता ती विचारणार, आणि हा माणूस आता सांगणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"आजोबा," ती म्हणाली, "पाय काढा. माझं पाणी येतंय."

नानासोंनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि पाय काढला.