एक घर, दोन पत्ते आणि माझा राउटर

आमच्या एरंडोलच्या घरचं इंटरनेट उत्तम चालू होतं आणि नेमकं तेच मला बघवलं नाही.

मी नेटवर्किंगचा कोर्स केलेला माणूस. (प्रमाणपत्र फ्रेम करून टीव्हीच्या डोक्यावर लावलंय, पाहुण्यांची नजर चुकू नये म्हणून!) धाकट्या स्वातीनेही तोच कोर्स केला होता आणि त्या दिवशी अकरा वाजता तिची ऑनलाइन मुलाखत होती. आयुष्यातली पहिली! शांतता हवी म्हणून ती बोळापलीकडे काकांकडे बसणार होती. आता बहिणीसाठी भावाने काहीतरी करायला नको? नऊ वाजता मी इंटरनेटचा चालू डबा काढला आणि जळगावहून आणलेला जुना, भारदस्त राउटर बसवला. एका पोर्टातून, म्हणजे त्याच्या पाठीवरच्या खाचेतून, वायर आमच्याकडे, दुसऱ्यातून काकांकडे.

"दोन्ही घरांना वेगळे पत्ते द्यायचे," लॅपटॉपवर राउटरचे आकडी आयपी पत्ते टाइप करता करता मी बोलून गेलो.

आबा, म्हणजे आमचे वडील, ताडकन उठले. "येगळा पत्ता? मी आनि तुना काका येगळा शेतस का? एकच टाक!"

आबांपुढे बोलायची माझी छाती नाही. टाकला एकच. राउटरने साफ नाकारला! दोन पोर्टांना एकच पत्ता चालत नाही, हे मी परीक्षेत स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

"हाई यंत्र घर फोडी!" आबा कडाडले.

त्यांची पाठ वळताच मी वेगळे पत्ते दिले, बाहेर जायचा रस्ताही राउटरला दाखवला. तरी एकाही पोर्टाचा दिवा लागेना. वायर उपटली, खोचली, तिच्यावर फुंकर मारली. (का, ते विचारू नका!) पावणेअकरा वाजले! तेवढ्यात स्वाती धावत आली.

"दादा, 'नो शटडाऊन' दिलंस?"

मी कपाळावर हात मारला. असल्या राउटरचे पोर्ट मुळात बंदच असतात. त्यांना 'बंद राहू नका' असं बजावावं लागतं.

"मंग सरळ 'चालू व्हय' सांग ना त्याले!" आबा म्हणाले.

बजावलं. बठ्ठे, अगदी सगळे दिवे लागले! स्वाती बोळातून अशी पळाली की चप्पल आमच्याच दारात राहिली.

तासाभराने ती नाचतच परतली. "त्यांनी विचारलं, सगळं बरोबर असून पोर्ट चालू होत नसेल तर आधी काय बघाल? मी फटकन सांगितलं! ते म्हणाले, अनुभव दिसतोय. मी म्हटलं, हो, घरी मोठा भाऊ आहे."

तिला नोकरी लागली. मला इतका आनंद झाला की पेढे मीच वाटले. नेमणुकीचं पत्र आबांनी फ्रेम केलं आणि लावलं कुठे, तर टीव्हीच्या डोक्यावर! माझं प्रमाणपत्र सध्या माळ्यावर आहे. शटडाऊन!