ज्याची सही, त्याची खूण

वेस्ट विंडसरहून निघालो ते भाड्याच्या ट्रकमधून. ट्रकमागे ट्रेलर आणि ट्रेलरवर पट्ट्यांनी आवळून बांधलेली आमची लाल स्पोर्ट्स कार. दोन सीटची, उघड्या टपाची. दिसायला साठच्या दशकातली इंग्लिश गाडी, पण ती नक्कल. तीही किट (सुटे भाग पेट्यांतून येतात, गाडी आपण घरी जोडायची). चालू होत होती, पळतही होती. नंबर तेवढा नव्हता, आणि नंबरासाठी आम्ही तिला न्यू जर्सीतून ॲरिझोनाला नेत होतो. २००४ सालचा ऑक्टोबर. शेजारी आण्णा, म्हणजे माझे वडील, दर दोन मिनिटांनी आरशात बघून गाडी मागे आहे ना याची खात्री करत होते.

किटच्या पेट्या मी हौसेनं मागवल्या आणि दोन वर्षं त्यांच्यावर गॅरेजमधली रद्दी रचली. बायको त्यांना 'माझी सवत' म्हणायची. आई गेल्यावर आण्णा पहिल्यांदाच माझ्याकडे आले, एप्रिलात, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. बार्शीच्या एसटी डेपोत तेहतीस वर्षं मेकॅनिक होते. आठ दिवस त्यांनी टीव्ही पाहिला, नवव्या दिवशी पहिली पेटी फोडली. सप्टेंबरात गाडी चाकांवर उभी होती. शनिवार-रविवारी टॉर्च धरणं, पाने हातात देणं आणि "पुस्तकात असं नाही दिलेलं" म्हणून शिव्या खाणं, एवढाच माझा वाटा.

नट घट्ट केला की आण्णा बारीक ब्रशनं त्यावर पिवळी रेघ ओढायचे. नट फिरला तर रेघ मोडते आणि लगेच कळतं. डेपोत प्रत्येकाचा रंग वेगळा होता म्हणे.

"ज्याची सही, त्याची खूण," ते म्हणाले. "जॉबकार्डावर सही केली की नटावर रंग त्याचाच. गाडी वाटेत बंद पडली की साहेब रंग बघून माणूस शोधायचा."

"आणि नीट धावली तर?"

"नीट धावली तर कोण कशाला शोधतंय?"

किटच्या पुस्तकात रजिस्ट्रेशनच्या फॉर्मचा नमुना होता. त्यात 'बिल्डर' असा रकाना होता. बांधणाऱ्याचं नाव तिथे लिहितात असं मी सांगितलं तेव्हा आण्णा बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. मग म्हणाले, "माझं लिही. पूर्ण लिही, वडिलांच्या नावासकट." मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे सबंध आयुष्यात मागितलेली ती एवढीच गोष्ट.

न्यू जर्सीत घोडं अडलं ते माझ्यामुळे. गिअरबॉक्स मी एका गृहस्थाकडून रोखीनं आणला होता. अर्ध्या किमतीत मिळतोय म्हटल्यावर पावतीचं नाव कोण काढतो? रजिस्ट्रेशन ऑफिसच्या खिडकीतल्या बाईंनी सभ्यपणे सांगितलं, पावती आणा किंवा विकणाऱ्याची सही आणा. विकणारा तोवर घर सोडून गेला होता. त्यातच कंपनीनं माझी बदली ॲरिझोनात चँडलरला केली. तिथल्या ऑफिसला फोन केला तर उत्तर वेगळंच. एखादी पावती नसेल तर बांधणाऱ्यानं तपासनिसासमोर शपथेवर लिहून द्यायचं. देश एक, पण राज्यागणिक कायदा निराळा.

"म्हणजे माझी सही लागणार," आण्णा म्हणाले आणि बॅग भरायला उठले. बायको-मुलगी विमानानं पुढे गेल्या.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत झाडं पिवळी-तांबडी झाली होती. विश्रांतीच्या थांब्यावर बाकावर बसून दशम्या आणि शेंगाचटणी खाल्ली. ओहायो, इंडियाना सपाट आणि कंटाळवाणं. मैलच्या मैल कापलेला मका, आणि आण्णांचा एकच प्रश्न, एवढ्या रानात माणूस कसा दिसत नाही?

मिसुरीत पट्टा सैल झाला आणि गाडी ट्रेलरवर वीतभर सरकली. मी घाबरून कडेला थांबलो. आण्णा वर चढले, पट्टा नव्यानं ओवला आणि वरून दोराची गाठ मारली, एसटीच्या टपावर सामान बांधताना मारायचे तशी. तेवढ्यात मागे दिवे लुकलुकले. ट्रूपर (महामार्गावरचा पोलीस) उतरून आला. गाठ ओढून पाहिली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "कुणी बांधली ही?"

"माझ्या वडिलांनी," मी म्हणालो. किती सहज म्हणालो होतो. ट्रूपरनं आण्णांशी हात मिळवला. आण्णांनी आधी आपला हात पँटला पुसला.

ओक्लाहोमात पेट्रोल भरताना एक टोपीवाला म्हातारा धावतच आला. त्याच्याकडेही अशीच नक्कल होती. त्याच्या राज्यात म्हणे गाडी ज्या सालची दिसते तेच साल कागदावर चढतं. घरी बांधलेली त्याची गाडी सरकारदरबारी चाळीस वर्षांची होती. त्यानं आम्हाला जेवायला नेलं, बीन्स आणि कॉर्नब्रेड (मक्याचा गोडसर पाव) खाऊ घातलं आणि इथेच नोंदवा असा आग्रह केला. मी आण्णांना समजावून सांगितलं.

"कागदावर खोटं कशाला?" आण्णा म्हणाले. "जिथं खरं चालतं तिथंच जाऊ की."

न्यू मेक्सिकोतल्या मोटेलवर सकाळी आण्णा आंघोळीला गेले होते तेव्हा नितीनचा फोन आला. नितीन न्यू जर्सीतल्या पार्सिपनीचा, माझा इंजिनिअरिंगपासूनचा मित्र. मी मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं.

"वेडा आहेस का यार?" तो म्हणाला. "काकांनी व्हिजिटर व्हिसावर पाच महिने काम केलं असं शपथेवर लिहून देणार? ग्रीन कार्डची फाइल आत आहे तुझी. कशाला रिस्क घेतो?"

नितीन वकील नव्हता, सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा. मुलाच्या घरी बापानं हौसेनं गाडी जोडली तर ती नोकरी होत नाही, हे मलाही कळत होतं. पण पाच वर्षं एच-वनवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) काढलेल्या माणसाला भ्यायला वकील लागत नाही, मित्र पुरतो. उरलेली वाट मी नुसता ट्रक हाकला. बाहेर तांबडी माती, निळे डोंगर, एवढं मोठं आकाश, आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. आण्णांना तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. भेकड होतो, दुसरं काय.

चँडलरला पोचल्यावर चौथ्या दिवशी तपासणी. आण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि खिशाला पेन लावलं. तपासनीस साठीचा, धिप्पाड, हळू बोलणारा. टॉर्च घेऊन तो गाडीखाली सरकला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो विचारतच.

"पिवळ्या रेघा मी वर्षानुवर्षं बघितल्या नव्हत्या. बिल्डर कोण?"

"मी," मी म्हणालो.

आण्णांना इंग्रजी फार येत नाही. पण 'बिल्डर' येत होतं, आणि 'मी' म्हणताना मी छातीला हात लावला होता.

"मागच्या ब्रेकच्या नळीला इथे वळसा का दिलाय?" त्यानं मला खूण करून दाखवलं. मला काय कपाळ माहीत असणार? मागून आण्णा मराठीत हळूच म्हणाले, "त्याला सांग, चाक वरखाली झालं की नळी ताणू नये म्हणून." मला सोडवलं त्यांनी. मी आत्ताच आठवल्यासारखं इंग्रजीत सांगितलं. तपासनिसानं आण्णांचे हात पाहिले, मग माझे.

"वडील?"

"हो. पाहुणे आलेत."

"रकान्यात जागा आहे," तो शांतपणे म्हणाला. "दोन नावं लिहिली तरी चालतात."

"नाही," मी म्हणालो. "एकटाच आहे."

त्यानं कागद पुढे केला आणि मी सही केली. पेनसुद्धा त्याचंच घेतलं.

नंबर मिळाला. घरी येताना आण्णा शेजारी बसले होते. गाडी डावीकडे ओढत नाही ना, एवढंच त्यांनी विचारलं. मी व्हिसाचं, फाइलचं, नितीनचं सगळं भडाभडा सांगितलं. शेवटी आण्णा म्हणाले, "आधी सांगायचंस. मी पेन लावून आलो नसतो."

पाच दिवसांनी त्यांचं विमान होतं. मी दुपारी ऑफिसातून लवकर निघून त्यांना न्यायला आलो तर गॅरेजमध्ये थिनरचा वास. बॉनेट उघडं, जमिनीवर पिवळ्या रंगानं माखलेल्या चिंध्या. आण्णा हात धुऊन, बॅग घेऊन तयार होते. मी वाकून पाहिलं. एकाही नटावर रेघ नव्हती.

"सगळे नट घट्ट आहेत, काळजी करू नकोस," ते म्हणाले. रागावलेले दिसत नव्हते, तेच मला जास्त लागलं. "सही तुझी ना? मग खूणही तुझी पाहिजे. रंग सीटवर ठेवलाय."

फिनिक्सच्या विमानतळावर मी पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि आत गेले. पुन्हा ते अमेरिकेला आले नाहीत. बोलावलं की म्हणतात, तिकडे मला काय काम आहे?

ग्रीन कार्ड तीन वर्षांनी आलं. एवढ्या वर्षांत कुणी त्या गाडीबद्दल एक शब्द विचारला नाही. ज्याला मी भ्यालो तो प्रश्न कुणाच्या डोक्यातच नव्हता, आणि ज्या एका माणसानं विचारलं तो रकान्यात जागा करून देत होता.

कार्ड आल्यानंतरच्या रविवारी मी रंगाची बाटली घेऊन गाडीखाली शिरलो. पहिल्या नटाला पाना लावला. तो तसूभरही हलला नाही. ब्रश बुडवला, नटापर्यंत नेला आणि तसाच परत बाटलीत ठेवला.